वजनाचं ऑपरेशन करायचं ठरतंय: स्लीव्ह की बायपास? (कोल्हापूर)

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. चार वर्षं इथं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

वय ४१, उंची १५६ सेंटिमीटर, वजन ११२ किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ४६ येतो. मधुमेहाला सात वर्षं झाली, तीन तऱ्हेच्या गोळ्या चालू आहेत, तरी तीन महिन्यांची साखर ९.१. झोपेत श्वास अडकतो म्हणून गेल्या वर्षापासून नाकाला मशीन लावून झोपते. मार्केट यार्डात एका गुळाच्या पेढीवर हिशेब बघते. पेढीचा जिना सतरा पायऱ्यांचा आहे, नवव्या पायरीला थांबून दम घ्यावा लागतो.

डाएट केलं नाही असं नाही. दोनदा पंधरा-पंधरा किलो उतरवलं, दोन्ही वेळा व्याजासकट परत आलं. आता साखरेच्या डॉक्टरांनीच सर्जनकडं पाठवलंय. सर्जन म्हणाले, स्लीव्ह करू, म्हणजे जठर कापून लहान करायचं, दुर्बिणीतून, तीन दिवसांत घरी. खर्च साडेतीन लाखांच्या घरात. सासूबाई म्हणतात, "धडधाकट पोट कापून घ्यायचं म्हणजे काय?" मिस्टर म्हणतात, तू ठरव. मला एकटीनं नाही ठरवायचं. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. स्लीव्ह की बायपास, पुढं जेवायचं काय, विमा पैसे देतो का. आणि लग्नाच्या पंगतीत पुन्हा बसता येतं का, तेही.

रानवाट

ताई, राग मानू नका, पण आधी सहा महिने रोज पहाटे रंकाळ्याला फेरी मारून बघा. रात्रीचा भात बंद, साखर बंद. माझं ८९ वरून ७८ झालं. मनाची तयारी पाहिजे, बाकी काही नाही.

भूलवाला

रानवाट, तुमचे ११ किलो खरे आहेत आणि त्याचं कौतुकही आहे. पण ८९ चे ७८ होणं वेगळं आणि ११२ चे ७८ होऊन तिथं टिकणं वेगळं. वजन उतरायला लागलं की शरीर त्याला उपासमार समजतं. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक वाढतं, बसल्या जागी जळणारी ऊर्जा कमी होते, आणि हे पुढं बरीच वर्षं चालू राहतं. ताईंचे पंधरा किलो दोनदा परत आले ते मन कच्चं म्हणून नव्हे. मी भूलतज्ज्ञ होतो, आता निवृत्त आहे. तीस वर्षं ऑपरेशनच्या टेबलाशी रोग्याच्या डोक्याजवळ उभा राहिलो. या रोग्यांइतक्या जिद्दीनं डाएट केलेली माणसं मी दुसरी पाहिली नाहीत.

ऑपरेशन कुणाला करावं याचा १९९१ सालचा अमेरिकी नियम असा होता: बीएमआय ४० च्या वर, किंवा सोबत आजार असतील तर ३५ च्या वर. २०२२ मध्ये या विषयातल्या सर्जनांच्या दोन मोठ्या संघटनांनी तो खाली आणला. आता ३५ च्या वर आजार असो-नसो, आणि ३० ते ३५ मध्ये मधुमेहासारखा आजार असेल तर. आपल्यासारख्या आशियाई लोकांना कमी वजनातच पोटाची चरबी बाधते, म्हणून आपल्यासाठी २७.५ पासून विचार करावा असं त्यात म्हटलंय. ताई कुठल्याही नियमात बसतात.

स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग कापून कायमचा काढून टाकतात. केळ्यासारखी नळी उरते. घ्रेलिन मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होत असल्यामुळे भूकच मंदावते. आतड्याला हात लावत नाहीत. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाची लिंबाएवढी, साधारण ३० मिलिलिटरची पिशवी करतात आणि लहान आतडं वर आणून तिला जोडतात. उरलेलं जठर आतच राहतं, पण अन्न त्याला आणि आतड्याच्या पहिल्या भागाला वळसा घालून पुढं जातं. मधुमेहावर बायपासचा जोर जास्त. वजन उतरायच्याही आधी, पहिल्या काही दिवसांतच साखर खाली येताना मी स्वतः पाहिली आहे. मिनी बायपास हा त्याचाच एका जोडाचा प्रकार. वेळ कमी लागतो, पण पित्त वर येण्याची शक्यता राहते. जठराला पट्टा बांधायची पद्धत आता जवळपास मागं पडली. आणि लायपोसक्शनला कुणी वजनाचं ऑपरेशन म्हणत असेल तर तिथून उठून या.

ताई, एक विचारतो. छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणं, असं काही होतं का? उत्तर नीट द्या, त्यावर बरंच अवलंबून आहे.

पंचगंगाकाठ

होतं. तीन-चार वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल घेते. सर्जननी विचारलं होतं, पण मी म्हटलं, थोडी ॲसिडिटी आहे. इथं मिसळ खाणाऱ्या कुणाला ती नसते? सांगण्यासारखं काही वाटलंच नाही.

सोनचाफा

अहो, तेच सांगायचं असतं! मी रात्री साडेअकराला हे टाइप करतेय, कारण तुमचं वाचून झोप येईना.

मला २०१७ साली स्लीव्ह झाली. जळजळ आधीपासून होती, पण ऑपरेशनच्या आधी दुर्बीण घालून आत बघितलंच नाही. कुठल्या गावात, कुठल्या दवाखान्यात, ते लिहीत नाही. वजन १०६ वरून ७४ झालं. पहिलं वर्ष मी इतकी आनंदात होते की जुने ब्लाउज बोहारणीला देऊन टाकले. दुसऱ्या वर्षापासून रात्री आंबट पाणी नाकातोंडात यायला लागलं. खोकत खोकत उठायचे. तीन उशा पाठीला लावून बसल्यासारखी झोपायचे. गोळ्या दुप्पट केल्या तरी तेच. दुसऱ्या डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं: नळी अरुंद, आत दाब जास्त, वरची झडप आधीच सैल, मग पाणी वर येणारच. अन्ननलिकेला व्रण पडले होते. शेवटी २०२१ मध्ये स्लीव्हचा बायपास करून घ्यावा लागला. दुसऱ्यांदा पोटात जाताना आधीच्या जागी सगळं चिकटलेलं असतं, वेळ दुप्पट लागला, खर्च पुन्हा सगळा.

स्लीव्ह वाईट असं मी म्हणत नाही. माझ्या जावेला सहा वर्षं झाली, काडीचा त्रास नाही. पण तिला आधी जळजळ नव्हती. तुम्ही सर्जनकडं परत जा, रोजची गोळी किती वर्षं घेताय ते सांगा आणि एंडोस्कोपी झाल्याशिवाय तारीख घेऊ नका. हात जोडून सांगते.

भूलवाला

सोनचाफा यांच्या प्रत्येक शब्दाला दुजोरा. अन्ननलिकेचं अस्तर बदललेलं निघालं, ज्याला बॅरेट म्हणतात, तर स्लीव्ह टाळतातच.

निवांत गडी

मी गारगोटीकडचा. बायपास २०१९ ला. १३८ किलो व्हतं, आता ९४ वर थांबलंय. मधी ९० झालतं, चार किलो परत आलं. हे बी सांगाय पायजे, नायतर लोकास्नी वाटतं आयुष्यभर उतरतच जातंय.

साखरंच्या गोळ्या बंद हायत. पण एक सांगतो. ऑपरेशनला सात म्हयनं झालं व्हतं, पावण्याच्या गुऱ्हाळावर गेलो. त्यानं मायेनं ताटलीत गरम काकवी वाढली. न्हाई म्हणवंना. दोन-चार घास गेलं असतील. पंधरा-वीस मिनिटांत छाती धडधडाय लागली, घामानं शर्ट भिजला, पोटात मुरडा, पाय लटलट. तितंच बाजंवर आडवा झालो. पावणा रडाय आला. डॉक्टर म्हणालं, ह्याला डंपिंग म्हणत्यात. गोड एकदम आतड्यात उतरतंय आणि पाणी वढून घेतंय. तवापासनं काकवी, उसाचा रस, जिलेबी, कायबी न्हाई. ताई, तुमी तर गुळाच्या पेढीवर. चव बघाय देत असतील रोज. आदीच सवय मोडा.

दुसरं म्हंजे तंबाखू. मला तीन म्हयनं आदी सोडाय लावली. बायपासच्या जोडावर अल्सर व्हतो म्हणं. आणि अंगदुखीची गोळी मनानं घ्यायची न्हाई.

पंचगंगाकाठ

मी मिश्री लावते. लग्नाआधीपासून. इथं पहिल्यांदा कबूल करतेय. आणि गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक आठवड्यातून तीन-चारदा तरी होते. मग बायपास मला जमणारच नाही का?

भूलवाला

जमेल, पण दोन्ही सोडून. डायक्लोफेनॅक, ब्रुफेन, या जातीच्या गोळ्या बायपासनंतर कायमच्या वर्ज्य. पॅरासिटामॉल चालते. कुठल्याही डॉक्टरकडं, अगदी दातांच्या दवाखान्यात गेलात तरी पहिलं वाक्य हेच: माझा पोटाचा बायपास झालाय. गुडघ्यांना मात्र फार मोठा दिलासा मिळेल. एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंच्या आसपास कमी होतो.

भीती वाटत असेल म्हणून हेही लिहितो. सराव असलेल्या ठिकाणी या ऑपरेशनात जीव जाण्याचं प्रमाण हजारात एकाच्या आसपास आहे, पित्ताशयाच्या ऑपरेशनइतकं. खरी धास्ती गळतीची, म्हणजे टाक्यांतून पोटात पाझरण्याची. घरी आल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत नाडी १०० च्या वर पळत राहिली, ताप आला, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखायला लागलं, धाप लागली, तर उद्या बघू म्हणायचं नाही. त्याच रात्री त्याच सर्जनकडं. म्हणून जिथं ऑपरेशन कराल तिथं रात्री फोन कोण उचलतो ते आधी विचारून ठेवा. नाकाचं मशीन दवाखान्यात सोबत न्या. पुष्कळ जण घरी विसरून येतात.

आहारसखी

मी सांगलीला आहारतज्ज्ञ आहे, असे रुग्ण दर आठवड्याला बघते. जेवणाचं मी सांगते.

आधी दोन आठवडे कमी उष्मांकाचं, कमी पिठूळ जेवण. ते वजनासाठी नसतं. जठरावर यकृत पसरलेलं असतं, ते चरबीनं फुगलेलं असलं तर सर्जनला जागा मिळत नाही. दोन आठवड्यांत ते आक्रसतं.

नंतरचे पहिले दोन आठवडे फक्त पातळ. आमच्या भागातल्या लोकांना मी मटणाची अळणी देते, तिखट-मसाला न घातलेली, फडक्यातून गाळलेली, वरची चरबी काढलेली. सलाइन सुटल्यावर अळणीची पहिली वाटी घेताना डोळ्यांत पाणी आलेले रुग्ण मी बघितलेत. पण अळणीत प्रथिनं फार नसतात, म्हणून सोबत ताक, पातळ वरणाचं पाणी आणि प्रथिनांची पावडर लागतेच. पुढचे दोन आठवडे मऊ घोटलेलं, मग मऊ घास, दीड-दोन महिन्यांनी सगळं. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं गेली पाहिजेत आणि ताटात आधी तीच. अंडं, मासा, खिमा, पनीर, मुगाचं धिरडं. मग भाजी. भाकरी-भात सगळ्यात शेवटी, जागा उरली तर.

आता कोल्हापूरकरांना सगळ्यात जड जाणारी गोष्ट. जेवताना रस्सा ओरपायचा नाही. पांढरा-तांबड्याच्या वाट्यांवर वाट्या, हे संपलं. जेवणाबरोबर पातळ गेलं की घास पटकन पुढं सरकतो, पोट भरल्याचं कळत नाही, आणि बायपासमध्ये डंपिंगही होऊ शकतं. पाणीसुद्धा जेवणानंतर अर्ध्या तासानं. चव नंतर घेता येते, दोन चमचे, तिखट सोसलं तर. मटणाचे मोठे कोरडे तुकडे आणि मऊ पाव घशाखाली अडकतात, त्यांनी भले भले बेजार होतात.

व्हिटॅमिनच्या गोळ्या आयुष्यभर. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी. कॅल्शियम सायट्रेट घ्या, लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सगळं छान चाललंय म्हणून गोळ्या सोडणारे लोक पाचव्या वर्षी हातापायाला मुंग्या आणि हिमोग्लोबिन ७ घेऊन येतात. याची मला चीड येते, कारण हे टाळता येतं. दरवर्षी रक्त तपासायचं. आणि सतत उलट्या होत राहिल्या तर बी-१ संपतं, मेंदूला इजा होते. तीन-चार दिवस काही पोटात ठरत नसेल तर थांबू नका.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. परत येतात. घाबरू नका.

गोकर्ण

मी २९, पीसीओएस (संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित), बीएमआय ३७. लग्नाला तीन वर्षं झाली, मूल हवंय. आधी ऑपरेशन की आधी मूल?

आहारसखी

ऑपरेशन केलंत तर पुढं १२ ते १८ महिने दिवस जाऊ द्यायचे नाहीत. वजन उतरत असताना बाळाला पोषण पुरत नाही. गंमत अशी की वजन उतरताच पाळी सुरळीत होते आणि बऱ्याच जणींना नकळत दिवस जातात. बायपासनंतर पोटातून घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना पहिल्या भेटीपासून यात घ्या. बाकी खासगी निरोपात लिहिते.

कागदोपत्री

विम्याचं. मी दाव्यांच्या कामात आहे. आरोग्य विम्यात लठ्ठपणाची शस्त्रक्रिया वगळलेली असते, पण विमा नियामकाच्या ठरीव शब्दांतच अपवाद दिलेले आहेत: डॉक्टरांचा सल्ला हवा, वय १८ च्या वर, बीएमआय ४० किंवा जास्त. किंवा ३५ च्या वर आणि सोबत हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा ताब्यात न येणारा मधुमेह, आणि आधीचे साधे उपाय फसलेले. ताईंचा बीएमआय एकटाच पुरेसा आहे. तरी दावा अडकतो तो कागदांवर. डाएटचे जुने कागद, साखरेच्या डॉक्टरांची चिठ्ठी, झोपेच्या तपासणीचा अहवाल, आणि सर्जनच्या लेटरहेडवर उंची-वजन आकड्यांत. पॉलिसीत किती महिने थांबायची अट आहे ते बघा आणि भरती होण्याआधी लेखी मंजुरी घ्या. तोंडी 'होऊन जाईल' वर एकही रुपया भरू नका.

शाहूपुरीकर

माझ्या बायकोला बायपास होऊन तीन वर्षं झाली. पंगतीचं विचारलंत म्हणून लिहितो.

पहिला महिना ती स्वयंपाकघरात उभी राहून रडायची. भूक नव्हती, पण जेवण गेलं होतं. आमच्याकडं दुःख झालं तरी खातात, आनंद झाला तरी खातात, आणि तिच्याकडनं ते अचानक काढून घेतल्यासारखं झालं. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मी सुरुवातीला चुकीचं वागलो. तिच्यासमोर बसून नेहमीसारखा जेवायचो आणि "तू बघ की टीव्ही" म्हणायचो. मग तिच्याबरोबर मीही छोट्या ताटलीत जेवायला लागलो. वीस-पंचवीस मिनिटं, सावकाश, फोन बाजूला.

आता पंगतीत बसते. वाढप्याला आधीच हात आडवा करते. एक पुरी, थोडी भाजी, दोन चमचे मसालेभात. नातेवाईक "पोरीला काही झालंय का" म्हणतात, तेव्हा उत्तर मी देतो. तुमच्या मिस्टरांना 'तू ठरव' एवढ्यावर थांबू देऊ नका. पुढच्या भेटीला सोबत न्या.

माळरान

ही आठवड्याची इंजेक्शनं आलीत ती घेऊन ऑपरेशन टळणार नाही का?

भूलवाला

काहींचं टळेल. टिर्झेपटाइड आणि वजनासाठीचं सेमाग्लुटाइड, दोन्ही २०२५ मध्ये भारतात आली. चाचण्यांमध्ये सेमाग्लुटाइडनं सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास आणि टिर्झेपटाइडच्या मोठ्या डोसनं २० टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. मधुमेह असणाऱ्यांचं मात्र त्याहून कमी उतरतं. आणि बंद केलं की बरंच परत येतं. ऑपरेशनचा हिशेब एकूण वजनाच्या २५ ते ३० टक्के, बायपासचा त्यातल्या वरच्या बाजूला. ताईंसाठी ते साधारण ३० किलो. म्हणजे ८० च्या आसपास. ५५ नव्हे. हे घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ८० ला पोचल्यावर कुणीतरी 'एवढंच?' म्हणतं आणि माणूस खचतो. इंजेक्शन आणि ऑपरेशन यांत वैर नाही. ऑपरेशननंतर वजन वाढायला लागलं तर इंजेक्शन देतातही.

रानवाट

वाचतोय सगळं. मी लिहिलं ते आकडे न बघता लिहिलं, ताई. चालणं मात्र सोडू नका.

भूलवाला

हे बरोबर. भरभर वजन उतरताना स्नायूही झडतात. चालणं आणि थोडं वजन उचलणं हवंच.

पंचगंगाकाठ

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांना वाट बघायला लावली.

मिस्टरांना घेऊन सर्जनकडं गेले. पॅन्टोप्राझोलची रिकामी पाकिटं पिशवीत भरूनच नेली होती. त्यांनी ती टेबलावर मांडून मोजली आणि दुसऱ्याच दिवशी एंडोस्कोपी लावली. हायटस हर्निया निघाला, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला, तीन सेंटिमीटरचा. अन्ननलिकेला सी ग्रेडचे व्रण, ए ते डी अशा चढत्या मापात. बॅरेट नाही. एच पायलोरीचे जंतूही होते, त्याचा १४ दिवसांचा कोर्स काल संपला. सर्जन स्वतःच म्हणाले, स्लीव्ह नको, बायपास करू आणि हर्निया त्याच वेळी दुरुस्त करू. रात्रीच्या फोनचं विचारलं तर त्यांनी स्वतःचा आणि सहायकाचा, दोन्ही नंबर फाइलवर लिहून दिले. सोनचाफा, तुम्हाला काय लिहू? तुम्ही त्या रात्री झोपला असतात तर माझी स्लीव्ह मागच्या सोमवारी झाली असती.

मिश्री बंद करून १९ दिवस झाले. पहिले चार दिवस डोकं फुटायची वेळ आली. पेढीवर गुळाचा खडा पुढं आला की आता नुसता हातात घेऊन रंग सांगते. विम्याची मंजुरी यायची आहे, कागदोपत्रींनी सांगितलेले सगळे कागद लावलेत. तारीख मंजुरीनंतर, आणि मिश्री सोडून तीन महिने झाल्यावर.

सासूबाई अजून फारसं बोलत नाहीत. पण परवा भांडी घासता घासता त्यांनी विचारलं, "ते अळणी गाळायला मलमलचं फडकं चालंल, का पितळेची गाळणी घ्यायची?" आहारसखी, काय सांगू त्यांना?

आहारसखी

मलमलचं फडकं, दुहेरी करून. आधी उकळत्या पाण्यातून काढून घ्यायला सांगा.